पाण्यातल्या पिसवा

दक्षिण महासागर, जहाजावरून
२८ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

मी ठीक आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

केपटाऊनचं बंदर सोडून अठरा दिवस झाले. पहिले सहा दिवस मी जेवणाच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. खर्डा गावच्या रस्त्यानं तुमच्या एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून जातोय असं वाटायचं, फक्त रस्ता संपत नव्हता. आता समुद्र शांत आहे. आजूबाजूला बर्फाचे तुकडे तरंगतात, काही ताटाएवढे, काही आपल्या ईट गावच्या शाळेएवढे. सूर्य मावळतच नाही. खिडकीला काळा कागद चिकटवून झोपतो.

इथं फोन लागत नाही. मेल दिवसातून दोनदा जाते, तीही नुसती अक्षरं, फोटो नाही. आई तामलवाडीत मोबाईल पिठाच्या डब्यावर ठेवते आणि विसरते, म्हणून तुम्हालाच लिहिते. तिला फोन करून सांगा की मी गरम कपडे घालते आणि दोन्ही वेळा जेवते. दुसरं अर्धवट खरं आहे, पण सांगा.

तुम्ही विचारलं होतंत की एवढ्या लांब नेऊन तुला करायला काय लावणार. सांगते. जहाजाच्या मागून एक जाळं पाण्यात सोडतात. मोठ्या नरसाळ्यासारखं, तोंडाला लोखंडी कडं, शेपटाला बाटली. जाळी इतकी बारीक की मैद्याची चाळणी तिच्यापुढं खिडकी वाटावी. ते दोनशे मीटर खाली जाऊन वर येतं. बाटलीत जे साठतं ते मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजते. राळ्याच्या दाण्याएवढे, तांदळाएवढे जीव. पुस्तकात त्यांना प्राणिप्लवक म्हणतात, म्हणजे पाणी नेईल तिकडं जाणारे बारीक प्राणी. पारावर कुणी विचारलं तर सरळ सांगा, भाची समुद्रातले किडे मोजायला गेली आहे.

तुमच्या शेततळ्यातल्या माशांचं काय चाललंय? कटला माशाची बोटाएवढी बोटुकली सोडून आता तीन महिने होत आले. आठवी ते दहावी तुमच्याकडं राहिले तेव्हा तुम्हाला साधी पोहायची भीती होती, आणि आता मासे पाळता, याचं मला इथं रोज हसू येतं.

तुमची,
राजेश्वरी


ईट, ता. भूम
३ जानेवारी २०२५

चि. राजीस उत्तरेश्वरमामाचा आशीर्वाद.

तुझा कागद मोबाईलवर आला. तुझ्या मामीला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, शाळेएवढा बर्फ अंगावर आला तर ब्रेक लागतो का जहाजाला? म्या म्हणलं, लागत असंल. खरं काय ते तू कळव.

म्या एका बोटानं टाइप करायलो. एक पत्र व्हायला दोन दिवस लागत्यात, तवा उशीर झाला तर जीव टांगून घेऊ नको. तुझ्या आईला फोन केला. जेवती म्हणलं. तिनं इचारलं, काय जेवती? म्या म्हणलं, भाकरी. आता तू बी तेच सांग.

किडे मोजायला एवढं मोठं जहाज लागतं हे ऐकून पारावर लोकं लई हसली. पण बाई, किडं आमच्याकडं बी झालते. दिवाळीनंतर बघतो तर तळ्याच्या पाण्यात बारक्या बारक्या पिसवा. टुणटुण उड्या मारायल्या, हजारानं. म्या म्हणलं, ह्या माशाच्या अंगाला लागल्या म्हंजी? तुरीवर मारायचं औषध घरात शिल्लक होतं, ते दिलं सोडून. तिसऱ्या दिवशी पाणी असं निवळशंख झालं की तळाचा प्लास्टिक कागद दिसायला लागला. लोकं बघून गेली. तळं असावं तर उत्तरेश्वरचं, म्हणली.

एकच वांधा हाय. माशांनी अंग धरलं न्हाय. डोकं थोरल्या माशाचं अन् धड पेनशिलीचं. भुसा टाकतो, पेंड टाकतो, पण फरक न्हाय. बीजच हलकं असणार.

तुमच्याकडं ते किडं मारायला कोणतं औषध वापरत्यात? चांगलं असंल तर नाव लिहून धाड.

मामा


जहाजावरून
७ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी जेवताना वाचलं आणि चमचा हातातच राहिला. मामा, आम्ही हे किडे मारत नाही. यांच्यावरच सगळं उभं आहे.

इथलं सांगते, मग तुमचं तुम्हालाच कळेल. या समुद्रात पाण्यात आणि बर्फाच्या पोटाला डोळ्यांना न दिसणारं हिरवं शेवाळ धरतं. ते खातात हे बारीक जीव. त्यांच्यात थोरला म्हणजे क्रिल, कोळंबीसारखा, करंगळीएवढा. थंडीत क्रिलची पिल्लं बर्फाखाली उलटी लटकून शेवाळ खरवडतात, जणू कुणी गव्हाण छताला बांधली आहे. त्या क्रिलला पेंग्विन खातो, सील खातो, मासे खातात. आणि निळा देवमासा, जो तुमच्या दोन एसट्या एकामागं एक लावल्या तर तेवढा भरेल, तोसुद्धा मुख्यतः हेच खातो. तोंड उघडून पाणी घेतो, गाळतो आणि क्रिल गिळतो. उद्या कुणी येऊन हे बारीक जीव नाहीसे केले तर समुद्र तुमच्या तळ्यासारखा स्वच्छ दिसेल, आणि त्यात देवमासा उपाशी फिरेल.

तुमच्या तळ्यातल्या पिसवा म्हणजे यांचीच गोड्या पाण्यातली चुलत भावंडं. कटला तेच खाऊन वाढतो. त्याचं तोंड वर वळलेलं असतं ते त्यासाठीच. बीज हलकं नाही मामा, पोरं उपाशी आहेत. क्रिललाही खायला मिळालं नाही की तो मरत नाही, आकसतो. अंगानं लहान होत जातो.

आता उपाय. अर्धं पाणी शेताला सोडा, विहिरीचं ताजं भरा. पंधरा-वीस दिवस औषध उतरू द्या. शेण पोत्यात बांधून कडेला बुडवून ठेवा. पाण्याला हिरवट झाक आली की त्यात जिवंत पाणी ओतायचं, विरजण लावतात तसं. ते तुम्हाला लांब शोधायला नको. आयुबचाचांचं तळं तुमच्या बांधाला लागून आहे आणि ते कायम हिरवंगार असतं, हे त्यांच्या शाहिस्तानं मला मागे सांगितलं होतं. चार बादल्या त्यांच्याकडून आणा. एवढी वर्षं तुमच्या गाडीचे कंडक्टर होते, नाही म्हणणार आहेत का?

इथं एक वाईट झालं. परवा आमचं बारीक जाळीचं जाळं समुद्रात गेलं. तारेच्या टोकाला नुसता आकडा वर आला. त्या पाळीला डेकवर रुद्रेशची जबाबदारी होती. लातूरकडचा आहे, तंत्रज्ञ, माझ्याच वयाचा, कामाला चांगला. नोंदवहीत त्याचं नाव लिहिलं गेलं. आता त्याला डेकवरून काढून खाली बाटल्या धुवायला बसवलंय. चालायचंच.

राजेश्वरी


ईट
१२ जानेवारी २०२५

चि. राजी,

तुझं पत्र वाचून म्या तळ्यावर जाऊन बसलो. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायले. रोजच करत्यात. म्या समजायचो, मला वळखत्यात. आता कळलं की ती मला खायला मागायलीत. स्वतःच्या हातानं ताट काढून घेतलं अन् वर लोकांकडून शाबासकी घेतली. तुझी मामी म्हणाली, तुम्हाला न इचारता काम करायची खोडच हाय. ती आणखी बी बोलली, ते टाइप करत न्हाय.

अर्धं पाणी सोडलं. विहिरीचं भरायलोय. शेणाची पोती बुडवली.

आयुबचं म्हणशील तर तो गावात न्हाय. पुण्याला लेकीकडं गेलाय. कधी यायचा सांगता येत न्हाय. दुसरीकडून पाणी बघू.

एक इचारतो. आकडा वर आला अन् जाळं न्हाय आलं, म्हंजी मधली कडी सुटली. ती कडी कुणी लावलती? आमच्याकडं गाडीचं चाक निघालं की पयला सवाल हाच असतो, नट कुणी आवळला. गाडी कोण चालवत होतं हे नंतर. तू कडीचं काहीच लिहिलं न्हाय, म्हणून इचारलं.

मामा


जहाजावरून
१६ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

पुण्यातल्या लेकीचा म्हणजे शाहिस्ताचाच मेल काल आला. ती लिहिते, अब्बा ईटलाच आहेत, रोज सकाळी तळ्याच्या बांधावर खुर्ची टाकून बसतात. तुमच्या बांधापासून पन्नास पावलांवर. आणि तिनं लिहिलंय की तुम्ही दोघं चार वर्षं बोलत नाही. का, ते ना तुम्ही सांगता ना ते. मी गोव्यात शिकत होते, मला कुणीच कळवलं नाही.

तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात?

कडीचं विचारलंत. जहाजावर चौकशी झाली, कागद झाला, विषय संपला. ते परत विचारू नका.

राजेश्वरी


ईट
२३ जानेवारी २०२५

चि. राजी,

हे पत्र लिहायला मला पाच दिवस लागले. बोट एकच हाय म्हणून न्हाय.

तू लिहिलंस, चौकशी झाली, कागद झाला, विषय संपला. हे वाक्य माझं हाय. चार सालाखाली हेच म्या तुझ्या मामीला म्हणलो होतो. म्हणून सांगतो, ऐक.

आयुब अन् म्या अकरा वर्षं एका गाडीवर. माझा डबा त्यानं खाल्ला, त्याचा म्या. एक दिवस स्टँडवर गाडी मागं घेत होतो. गाडी मागं घेताना कंडक्टरनं खाली उतरून मागं उभं राहायचं अन् जागा संपली की शिट्टी मारायची, असा नियम हाय. आयुब उतरला. त्यानं शिट्टी मारली. म्या ऐकली, राजी. पण मला वाटलं, अजून हातभर जागा हाय. बत्तीस वर्षं गाडी हाकली, मला शिकवायला शिट्टी कशाला पायजे. पाणपोईची भिंत आडवी झाली. कुणाला लागलं न्हाय, तेवढं नशीब.

साहेबानं इचारलं, शिट्टी झालती का? माझ्या तोंडातून निघालं, न्हाय. एवढंच. एक शब्द. आयुब शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. भांडला न्हाय, ओरडला न्हाय. नुसतं बघितलं. त्याच्या कागदावर ठपका पडला अन् नोकरीचे शेवटचे चौदा महिने त्यानं लांबच्या डेपोला काढले. पहाटं निघायचा अन् दिवेलागणीनंतर यायचा. ज्या दिवशी रिटायर झाला त्या दिवशी त्याला हार घालायला बी आपल्याकडचं कुणी नव्हतं.

मला वाटलं होतं, थोड्या दिवसांनी निवळंल. तसं होत न्हाय. दिवस गेले की सांगणं जड होतं, हलकं न्हाय. आता तो बांधावर खुर्ची टाकून बसला की म्या विहिरीच्या अंगानं फिरून जातो. स्वतःच्या रानात चोरासारखा.

तुझ्या त्या कडीचं मला काहीच ठाऊक न्हाय. गैरसमज असंल तर मामाला माफ कर. पण तो लातूरचा माणूस बाटल्या धुवायलाय, अन् तुला कडीचं नाव नको वाटायलं. तुझी कडी वीस दिवसांची हाय, माझी चार वर्षांची. तू अजून बोलू शकतीस.

खोटं बोललो ते कबूल.

मामा


जहाजावरून
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र आलं आणि पाठोपाठ वादळ आलं. सहा दिवस मेल बंद होती. त्यामुळं हे उशिरा.

कडी मी लावली होती. कडीचा खिळा फिरून निघू नये म्हणून त्याला तारेचा वेढा द्यायचा असतो. तो द्यायचं काम माझं होतं. त्या दिवशी हात गारठले होते, समोर पेंग्विनांचा थवा पाण्यातून उड्या मारत चालला होता, आणि मी म्हटलं, एकदा न दिल्यानं काय होतंय. जाळं गेल्यावर सगळे रुद्रेशकडं बघत होते, कारण पाळी त्याची होती. मी तोंड उघडलं नाही. रात्र नसलेल्या जागी झोप न लागणं किती वाईट असतं ते मला तेव्हापासून कळलं.

पंचवीस तारखेला मी पंचाक्षरी मॅडमकडं गेले. त्या आमच्या मोहिमेच्या प्रमुख. कडक आहेत. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे तू वीस दिवसांनी सांगतेस."

मी म्हटलं, "हो."

"मला सांगून अर्धंच काम होतं. ज्याच्या नावावर गेलंय त्याला सांगितलंस?"

मग सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. मी उभी राहून सांगितलं. रुद्रेश रागावेल असं धरून चालले होते. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "मला वाटत होतं मीच नीट बघितलं नाही. वीस दिवस मी ती कडी डोळ्यांसमोर आणून बघतोय, वेढा होता का नव्हता." मामा, तो स्वतःलाच दोषी समजत होता. मला रडू आवरलं नाही. त्यानं उठून मला चहा आणून दिला, आणि तो इतका गोड होता की एकदम शुद्धीवर आले.

नोंदवहीत मॅडमनी माझ्यासमोर दुरुस्ती लिहिली. दहा दिवस बाटल्या आता मी धुते. रुद्रेश परत डेकवर आहे.

जाळ्याचं मात्र अडलं होतं. दुसरं होतं ते मोठ्या जाळीचं, त्यातून बारीक जीव निसटून जातात. त्यांच्याशिवाय माझं काम म्हणजे ज्वारी सांडून नुसता कडबा मोजणं. सामानात बारीक जाळीच्या कापडाचा एक गुंडा सापडला. मॅडम म्हणाल्या, "शिवणार कोण?" मी हात वर केला. आईबरोबर वाकळा शिवल्यात, टाक्याला टाका लागला पाहिजे हे माहीत आहे. रुद्रेशनं कापड ताणून धरलं, मी शिवलं. चार दिवस लागले. आईनं मला वाकळा शिवायला बसवलं तेव्हा मी किती कुरकुर करायचे ते तिला सांगू नका.

काल पहिल्यांदा ते पाण्यात गेलं. तारेचा वेढा मी दिला, रुद्रेशनं तपासला, मॅडमनी परत तपासला. वर आलं तेव्हा बाटलीत गुलाबी पेज असावी तसं काहीतरी हलत होतं. एका चमच्यात चाळीस जीव.

आता तुमची पाळी. माफ करा, भाचीनं असं बोलू नये. पण तुम्हीच लिहिलंत की दिवस गेले की जड होतं.

राजेश्वरी


ईट
१२ फेब्रुवारी २०२५

चि. राजी,

तुझं पत्र वाचून तुझी मामी रडली अन् मग मला म्हणाली, आता तुम्ही जाताव का म्या जाऊ.

गेलो. सकाळीच. आयुब खुर्चीवर बसलाता. दुसरी खुर्ची नव्हती, म्या बांधावर खाली बसलो. त्याच्या तळ्याचं पाणी हिरवंगार, अन् मासे असे की शेपूट मारली तर पाणी अंगावर येतंय.

म्या म्हणलं, "आयुब, शिट्टी झालती."

तो पाण्याकडं बघत म्हणाला, "मालूम हाय मला. म्याच मारलती."

"म्या खोटं बोललो."

"ते बी मालूम हाय."

म्या म्हणलं, "चुकलो. माफ कर."

तो म्हणाला, "डायवर, जे मला ठाऊक हाय ते मला सांगून काय व्हणार? ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना सांग. माझी पोरगी मला इचारती, अब्बा, खरंच तुमची चूक होती का. स्टँडवरचा चहावाला बी म्हणतो, चाचा म्हातारपणी होतंय असं. त्यांना सांग."

एवढं बोलून तो खुर्ची उचलून घरात गेला. म्या पाण्याचं नाव बी काढलं न्हाय.

तळ्याला हिरवी झाक आलीय. पण आत काय उडत न्हाय. मासे तसेच.

तुझं ते शिवलेलं जाळं नीट चालतंय का? तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, धागा दुहेरी घेतला का इचारा.

मामा


जहाजावरून, परतीच्या वाटेवर
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

आईला सांगा, दुहेरी घेतला होता. सत्तावीस वेळा पाण्यात गेलं, एक टाका उसवला नाही.

परवा निघण्याआधी मोठ्ठा क्रिलचा थवा लागला. पाणी गेरूसारखं तांबूस, दूरपर्यंत. आणि मग देवमासे आले. मी मोजले सात. रुद्रेश म्हणतो नऊ. पाण्यातून तोंड वर काढायचे, गळ्याच्या पिशव्या फुगायच्या, आणि मिटून खाली जायचे. घाई नाही, भांडण नाही. वर पक्षी, कडेला सील, सगळे एकाच पंगतीत. पंचाक्षरी मॅडम आठव्यांदा इकडं आल्यात, त्यांचेही डोळे ओले होते. वाऱ्यामुळं, असं त्या म्हणाल्या.

मी एवढे दिवस भिंगाखाली बघत होते ते एकेक दाणे होते. परवा भरलेलं ताट पाहिलं.

आयुबचाचांनी बरोबर सांगितलं. मलाही मॅडमना सांगून सुटका झाली नव्हती, जेवणाच्या खोलीत उभं राहिल्यावर झाली. अवघड आहे, पण पाच मिनिटांचं आहे. तेवढी पाच मिनिटं काढा. आणि पुढं कोणत्याही पत्रात मी हा विषय काढणार नाही, हे कबूल.

केपटाऊनहून विमानानं मुंबई, तिथून रेल्वेनं धाराशिव. सोळा मार्चला सकाळी पोचेन. आईला स्टेशनवर आणाल का?

राजेश्वरी


ईट
७ मार्च २०२५

चि. राजी,

एक तारखेला तालुक्याच्या स्टँडवर रिटायर लोकांची बैठक असती. चहा, पोहे अन् दुखण्यांच्या गप्पा. चाळीसेक माणूस होतं, कामावरचे बी आठ-दहा जण आले होते. आयुब येत न्हाय कधी. म्या उभा राहिलो. अध्यक्षाला वाटलं, गुडघ्याचं सांगायचंय, तो म्हणाला, थोडक्यात सांगा.

थोडक्यातच सांगितलं. पाणपोईची भिंत म्या पाडली. आयुबनं शिट्टी मारलती, म्या ऐकलती, अन् साहेबापुढं खोटं बोललो. हेच कागदावर लिहून आणलं होतं, त्यावर सही केली, कागद टेबलावर ठेवला अन् खाली बसलो. कुणी टाळी वाजवली न्हाय, कुणी शिवी दिली न्हाय. शेजारच्यानं ताट सरकवलं, पोहे घ्या म्हणाला. चहावाला मात्र कागद वाचून आत गेला अन् त्यानं तो चहाच्या टपरीवर खिळ्याला लावला. अजून तिथंच हाय. म्या काढ म्हणलो न्हाय. मग पुण्याला शाहिस्ताला फोन करून तिला बी सगळं सांगितलं. पोरगी ऐकत राहिली अन् शेवटाला म्हणाली, "मामा, घरी या म्हणावं असं वाटायलंय, पण अब्बाला इचारते."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात मोपेडचा आवाज. आयुब. दोन पायांच्या मधी बादली, वर कापड बांधलेलं, पँट गुडघ्यापोतर भिजलेली. उतरला न्हाय, म्हणाला, "चार बादल्या लागत्यात म्हणं. निम्मी रस्त्यात सांडली. तळ्यावर तुझी वाट बघितली. तळं तिथं हाय, इथं काय करतोस? चल की तळ्यावर."

त्याला कुणी सांगितलं? शाहिस्तानं. तिला कुणी सांगितलं ते तुला ठाऊक असंल.

तळ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं पाणी ओतलं. हळू, कडेकडेनं, जशी लेकराला आंघोळ घालावी. मग म्हणाला, "औषध टाकलंस म्हणं. म्हंजी माझ्याशी बोलत असतास तर हे मासे उपाशी मेले नसते." म्या म्हणलं, "मेले न्हायत, आकसलेत." तो म्हणाला, "आपण बी." अन् चार वर्षांत पयल्यांदा हसला. तुझ्या मामीनं दोघांना भाकरी अन् ठेचा दिला. त्यानं माझ्या ताटातली भाकरी मोडून घेतली. न इचारता.

आज चौथा दिवस. शेणाच्या पोत्यापाशी पाणी हलायला लागलंय. काचेची बाटली बुडवून उन्हात धरली तर आत टुणटुण. मासे वर येऊन तोंड उघडत्यात, मिटत्यात, अन् आता मला बघतसुदीक न्हायत. आपल्या कामात हायत. तीन-चारांच्या पाठीला अंगठ्यानं चाचपलं, मांस धरायला लागल्यावानी वाटलं.

तू काय काय मोजतीस ते आयुबला सांगितलं, तवा तो म्हणाला, आपण बी मोजू. तवापासून रोज सकाळी एक बाटली भरतो. म्या मोजतो, मग तो मोजतो. पिसवा एका जागी ऱ्हात न्हायत, अर्ध्यात गडबड व्हती, पुन्हा पयल्यापासून. तुझी मामी म्हणती, दोन म्हातारे बाटलीत बघून भांडायलेत, लोकांना काय वाटंल. वाटू दे.

सोळा तारखेला तुझ्या आईला घेऊन आमी दोघं स्टेशनवर येतोय. आयुबनं एसटीत तीन जागा धरायचं कबूल केलंय.

तुला दाखवायला एक वही केलीय, तारीखवार. आजच्या बाटलीत म्या त्रेसष्ट मोजल्या, आयुब म्हणतो एकाहत्तर. माझा आकडा बरोबर हाय असं मला अजून बी वाटतं. वहीत मात्र त्याचा लिहिलाय.

तुझा,
उत्तरेश्वरमामा